एका फाइलच्या अनेक प्रती: सिंकच्या अभ्यासाची प्रस्तावना

नाशिकच्या रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरी यात्रेकरूंचे विधी करणाऱ्या तीर्थोपाध्यायांच्या घरी वंशावळीच्या वह्या असतात. गाव आणि आडनाव सांगितले की त्यातून नेमकी वही निघते. यात्रेकरू आपल्या आजोबा-पणजोबांची नावे वाचतो, मागच्या भेटीनंतर घरात झालेले जन्म-मृत्यू खाली लिहितो आणि सही करतो. काही वह्यांतला जुना मजकूर मोडीत आहे. त्याच घराण्याची दुसरी वही काशीला किंवा गयेला, वेगळ्या उपाध्यायांकडे असू शकते. या वह्यांना जोडणारा दुवा एकच, तो म्हणजे फिरणारा यात्रेकरू. समजा, थोरला भाऊ २००३ च्या सिंहस्थात नाशिकला नोंद करून गेला आणि धाकटा काही वर्षांनी गयेला गेला. मग दोन ठिकाणी एकाच घराण्याच्या दोन हकिकती उरतात. दोन्ही खऱ्या असतात आणि दोन्ही अपुऱ्या.

संगणकावर ज्याला आपण ‘सिंक’ म्हणतो, त्या विषयाचा गाभा हाच आहे. एका गोष्टीच्या अनेक प्रती असतात, प्रत्येक प्रत आपापल्या जागी बदलत असते आणि त्यांना जुळवणारा दुवा अधूनमधूनच मिळतो. ड्रॉपबॉक्स, गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, नेक्स्टक्लाउड, सिंकथिंग हे सगळे प्रोग्राम याच पेचावरची निरनिराळी उत्तरे आहेत. या प्रस्तावनेचा हेतू तुम्हाला कोणता प्रोग्राम घ्यावा हे सांगण्याचा नाही. पडद्याच्या कोपऱ्यात हिरवी खूण दाखवत बसलेल्या त्या छोट्या चित्रामागे अभ्यासाचा एक देखणा विषय आहे, त्याच्या दारापर्यंत तुम्हाला आणावे एवढीच इच्छा आहे.

नाशिकच्या वाचकांना या विषयाची ओळख व्यवहारात आधीच झालेली आहे. गंगापूर रोडवरच्या सीएच्या कार्यालयात एका अशिलाची कागदपत्रे चार संगणकांवर उघडली जातात. अंबड आणि सातपूरच्या वर्कशॉपमध्ये यंत्रभागाचे ड्रॉइंग ऑफिसात बदलते आणि मशीनवर मात्र कालचेच उघडलेले असते. पण मला सर्वांत बोलके उदाहरण द्राक्षबागेचे वाटते. निर्यातीच्या द्राक्षाला फवारणीची नोंद लागते. कोणते औषध, किती प्रमाणात, कोणत्या तारखेला मारले आणि त्यानंतर काढणीपर्यंत किती दिवस जायला हवेत, ही ती नोंद. २०१० च्या हंगामात क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अवशेषांमुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडली आणि उत्पादकांना मोठा फटका बसला, हे इथल्या घराघरात आठवते. तेव्हापासून नोंदवहीची किंमत कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

आता ती नोंदवही एक्सेलमध्ये आहे आणि सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवलेली आहे असे समजा. दिंडोरी तालुक्यातल्या एका घरी मुलीने मंगळवारची फवारणी घरच्या संगणकावर लिहिली. ती वर चढण्याआधी नेट गेले. तिकडे पॅकहाऊसच्या लॅपटॉपवर व्यवस्थापकाने बुधवारची फवारणी लिहिली, पण त्याच्याकडच्या प्रतीत मंगळवार नव्हताच. संध्याकाळी दोन्ही संगणकांना नेट मिळाले. आता प्रोग्रामने काय करावे? जी फाइल शेवटी जतन झाली ती ठेवली, तर मंगळवारची फवारणी नाहीशी होते आणि कुणालाही त्याची चाहूल लागत नाही. दोन्ही ठेवल्या, तर माणसाला बसून त्या जुळवाव्या लागतात. दोन्हींतल्या ओळी आपोआप एकत्र करायच्या, तर प्रोग्रामला एक्सेलची फाइल आतून वाचता आली पाहिजे, आणि साध्या फाइल-सिंकला ती वाचता येत नाही. त्याच्या दृष्टीने प्रत्येक फाइल म्हणजे बाइटांची एक रांग.

वाचकांनी या प्रसंगाशी थोडे थांबावे. क्लाउड म्हटले की लोक जागेचा विचार करतात. गूगल १५ जीबी फुकट देते, वनड्राइव्ह ५, ड्रॉपबॉक्स २. ही माहिती उपयोगाची आहे, पण अभ्यासाची सुरुवात तिथून झाली तर विषय हातात येत नाही. ‘दोघांनी एकमेकांना न कळत बदल केला तर?’ हा प्रश्न पहिल्या दिवशी मनात धरला, तर पुढचे सगळे तंत्र त्याच्याभोवती आपोआप मांडले जाते.

इतिहास थोडक्यात सांगतो. विंडोज ९५ मध्ये ‘ब्रीफकेस’ नावाची सोय होती. ऑफिसातली फाइल फ्लॉपीवर घरी न्यायची, बदलायची आणि परत आणून मूळ प्रतीशी जुळवायची. १९९६ साली ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी आरसिंक हा प्रोग्राम दिला. २००७ साली ड्र्यू ह्यूस्टन आणि अराश फिरदौसी यांनी ड्रॉपबॉक्स कंपनी काढली आणि पुढच्या वर्षी तिची सेवा सर्वांना खुली झाली. मायक्रोसॉफ्टचे स्कायड्राइव्ह २०१४ मध्ये वनड्राइव्ह झाले, आणि त्याआधी २०१२ मध्ये गूगल ड्राइव्ह आले होते. या व्यापारी नावांच्या मागे विद्यापीठांतली जुनी आणि शांत कामगिरी आहे. आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले महादेव सत्यनारायणन यांच्या गटाने कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८७ पासून कोडा ही फाइल प्रणाली उभारली. नेट तुटले तरी माणसाचे काम चालू राहावे आणि जोडणी परतल्यावर बदल जुळवून घ्यावेत, हे तिचे ध्येय होते. आज आपण जे गृहीत धरतो, ते तेव्हा संशोधनाचे धाडस होते.

आरसिंकमधली युक्ती तर प्रत्येकाने एकदा समजून घ्यावी इतकी सुंदर आहे. एका मोठ्या फाइलच्या दोन प्रती दोन गावांत आहेत आणि त्यांत थोडासाच फरक आहे. दोन्ही टोकांना फक्त आपलीच प्रत दिसते. मग फक्त फरक कसा पाठवायचा? ज्याला नवी प्रत हवी आहे, तो आपल्या जुन्या फाइलचे ठराविक लांबीचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्याच्या दोन खुणा पाठवतो. त्यांतली एक झटपट काढता येणारी पण कच्ची, तर दुसरी पक्की. पाठवणारा आपल्या फाइलवरून तेवढ्याच लांबीची खिडकी एकेक बाइट पुढे सरकवत नेतो. कच्ची खूण अशी रचली आहे की खिडकी एक घर सरकली तर थोडी बेरीज-वजाबाकी करून नवी खूण मिळते. कच्ची जुळली तरच पक्की तपासायची. जे तुकडे समोर आहेत त्यांचा फक्त उल्लेख जातो आणि उरलेला नवा मजकूर जातो. खेड्यातल्या मंद जोडणीवर पाचशे पानांचे हस्तलिखित अर्ध्या मिनिटात ‘पोहोचते’, त्यामागे अशाच जातीचे विचार असतात. ड्रॉपबॉक्सने फाइलचे ४ एमबीचे ठोकळे करून प्रत्येकाची खूण ठेवण्याचा मार्ग घेतला. दोन्ही मार्ग शेजारी ठेवून पाहिले की रचनाकाराला कुठे काय सोडावे लागते हे लक्षात येते.

आता अधिक खोल पाण्यात येऊ. १९९८ साली एस. बालसुब्रमण्यम आणि बेंजामिन पिअर्स यांनी एक शोधनिबंध लिहिला. फाइल सिंक्रोनायझर म्हणजे नेमके काय, हा प्रश्नच त्याचे शीर्षक होता. युनिसन हा प्रोग्राम याच कामातून वाढला. निबंधाची मांडणी सरळ आहे: आधी प्रत्येक प्रतीत काय बदलले ते ओळखायचे आणि मग त्या बदलांचा मेळ घालायचा. ऐकायला सोपे वाटते. पण असा विचार करा की पहिल्या संगणकावर एक फाइल आहे आणि दुसऱ्यावर ती नाही. ती पहिल्यावर नव्याने तयार झाली, की दुसऱ्यावर पुसली गेली? दोन फोल्डर समोरासमोर ठेवून कितीही पाहिले तरी याचे उत्तर मिळत नाही. पहिल्या शक्यतेत फाइल तिकडे पाठवायची असते, दुसऱ्या शक्यतेत ती इकडचीही पुसायची असते. चूक झाली तर एकतर फेकलेला कचरा परत येतो किंवा नवे काम नष्ट होते. उत्तर मिळण्यासाठी मागच्या भेटीत दोन्हीकडे काय होते ते आठवावे लागते. म्हणून प्रत्येक चांगला सिंक प्रोग्राम तुमच्या फाइल्सखेरीज एक स्मरणवहीही बाळगतो. ती वही बिघडली की नाना चमत्कारिक दोष दिसू लागतात. हा एक मुद्दा पक्का झाला की निम्मा विषय कळला असे मी मानतो.

दुसरा मुद्दा वेळेचा. ‘नंतरची फाइल खरी’ असे म्हणणे स्वाभाविक आहे, पण नंतरची कोणती हे ठरवायचे कुणाच्या घड्याळावर? जुन्या संगणकाच्या आतली छोटी बॅटरी संपली की त्याची तारीख काही वर्षे मागे जाते आणि आजचे काम कालच्यापेक्षा जुने ठरते. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ साली दाखवून दिले की अनेक यंत्रांच्या व्यवस्थेत घटनांचा क्रम घड्याळाशिवाय, कोणती घटना कोणत्या घटनेची माहिती घेऊन घडली यावरून लावता येतो. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी ही दृष्टी फाइलच्या प्रतींना लावली. प्रत्येक यंत्राने आपण किती वेळा बदल केला याची मोजणी ठेवायची आणि फाइलबरोबर सगळ्या यंत्रांच्या मोजण्या पाठवायच्या. आपल्या फवारणीच्या नोंदीत घरच्या संगणकाची मोजणी ‘घर ४, पॅकहाऊस २’ आणि लॅपटॉपची ‘घर ३, पॅकहाऊस ३’ अशी निघाली, तर कोणीही दुसऱ्याच्या पुढे नाही. दोघांनी स्वतंत्रपणे बदल केला हे गणितानेच सिद्ध झाले, आणि प्रोग्रामने निमूटपणे एक बाजू निवडू नये हेही. ड्रॉपबॉक्समध्ये किंवा सिंकथिंगमध्ये फाइलच्या नावापुढे ‘कॉन्फ्लिक्ट’ लागलेली दुसरी प्रत दिसली की लोक वैतागतात आणि ती पुसून टाकतात. वाचकांना विनंती आहे की तिचा आदर करावा. ‘मला ठरवता येत नाही, तुम्ही पाहा’ असे प्रोग्रामने प्रामाणिकपणे सांगितलेले असते.

मराठी वाचकांसाठी या क्षेत्रात एक खास दालन आहे आणि ते अजून पुरेसे उजेडात आलेले नाही. ‘शेतकऱ्यांची यादी’ असे नाव असलेली फाइल घ्या. त्यातला ‘ऱ्य’ संगणकात तीन प्रकारे साठवला जाऊ शकतो. पहिल्या प्रकारात ऱ हा स्वतंत्र संकेत, मग हलन्त आणि य. दुसऱ्यात साधा र, त्याला नुक्ता, मग हलन्त आणि य. तिसऱ्यात साधा र, हलन्त, एक न दिसणारे जोडचिन्ह आणि य. डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात. युनिकोडच्या नियमांप्रमाणे पहिले दोन समान आहेत आणि चांगला प्रोग्राम त्यांना एक मानू शकतो. तिसरा मात्र नियमानेही वेगळाच राहतो. कोणता प्रकार उमटेल हे तुमच्या कीबोर्डवर अवलंबून असते. त्यात भर म्हणजे मॅकची जुनी फाइल प्रणाली पहिला प्रकार स्वतःहून फोडून दुसऱ्या रूपात ठेवत असे. परिणामी एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन ‘शेतकऱ्यांची यादी’ शेजारी शेजारी दिसू शकतात. वापरणारा चक्रावतो, पण प्रोग्रामच्या हिशेबात काहीही चुकलेले नसते. तऱ्हा, वऱ्हाड, दुसऱ्या, कचऱ्याची अशा शब्दांनी भरलेल्या भाषेत हा अपवाद म्हणून सोडून देण्यासारखा प्रकार नव्हे.

नावाच्या लांबीचेही तसेच. लिनक्सच्या रूढ फाइल प्रणालीत एका नावाला २५५ बाइट मिळतात. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. मात्रा आणि हलन्त वेगळे मोजले जातात, म्हणजे ‘क्षि’ या एका अक्षरालाच १२ बाइट लागतात. हिशेब केला तर लिनक्सवर मराठी नाव ८५ चिन्हांत संपते. विंडोजवर हीच मोजणी वेगळ्या पद्धतीने होते, त्यामुळे तिथे याच्या दुपटीहून लांब मराठी नाव चालते. शासकीय परिपत्रकाचे सगळे शीर्षक फाइलला देण्याची आपल्याकडे सवय आहे. अशी फाइल विंडोजवर सुखाने राहते आणि लिनक्सच्या सर्व्हरवर चढताना अडते. श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेले लेख हा आणखी एक धडा. सिंक ते बाइट अचूक पोहोचवते, पण पलीकडे तो फाँट नसेल तर पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटतात. १८४० पासून चालत आलेल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाच्या गावात, जुना मजकूर जपण्याची आस्था असलेल्या लोकांनी हा फरक ओळखणे फार मोलाचे आहे. या विषयावर मराठीभाषक संशोधकाला जे दिसेल ते केंब्रिज किंवा कॅलिफोर्नियात बसलेल्याला सहज दिसणार नाही. मला याचा अभिमान वाटतो, आणि तुम्हालाही वाटावा.

एक गैरसमज वेळीच दूर करायला हवा. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. एका संगणकावर चुकून फोल्डर पुसले गेले तर ते पुसणेही इमानाने सगळीकडे पोहोचते. खंडणीखोर व्हायरसने फाइल्स कुलूपबंद केल्या तर कुलूपबंद प्रती पोहोचतात. अनेक सेवा जुन्या आवृत्त्या काही काळ ठेवतात, पण तो काळ मर्यादित असतो. शिवाय २०१७ पासून वनड्राइव्हमध्ये फाइल संगणकावर नुसती दिसण्याची सोय आहे. ती उघडेपर्यंत खाली उतरत नाही. जागा वाचते हे खरे, पण नेट नसलेल्या दिवशी समोर फक्त नाव उरते.

ढगातल्या फाइल्स शेवटी जमिनीवरच्या कुठल्यातरी इमारतीत असतात, आणि तशी एक इमारत नाशिककरांना रस्त्यावरून दिसते. पीयूष सोमाणी यांनी २००५ साली स्थापन केलेल्या ईएसडीएस या कंपनीचे मुख्यालय आणि डेटा सेंटर सातपूर औद्योगिक वसाहतीत आहे. क्लाउडचा धंदा महानगरातूनच करता येतो या समजाला हे चांगले उत्तर आहे. सेवा निवडताना फाइल्स कोणत्या देशात, कुणाच्या ताब्यात राहतात हे विचारणे २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर अधिकच रास्त झाले आहे. सेवा बंद पडतात हेही ध्यानात ठेवावे. उबुंटू वन २०१४ मध्ये बंद झाली, वुआला २०१५ मध्ये. ज्यांना परक्या सर्व्हरवर विसंबायचे नाही, त्यांच्यासाठी स्वतःच्या सर्व्हरवर चालणारे नेक्स्टक्लाउड आणि मधल्या सर्व्हरवर फाइल न ठेवता संगणकांना थेट जोडणारे सिंकथिंग हे दोन मुक्त मार्ग आहेत. शिकणाऱ्याला त्यांचा दुसरा फायदा असा की त्यांचा कोड उघडा आहे, वाचता येतो.

या विषयाकडे कसे यावे? वाचन जरूर करावे, आणि त्यासाठी १९९८ चा तो निबंध उत्तम आहे. पण त्याआधी हात घालावा असे मी सुचवतो. घरातले दोन संगणक घ्या, दोन्हींवर सिंकथिंग बसवा आणि एक फोल्डर जोडा. मग दोघांचेही नेट तोडून एकाच फाइलमध्ये दोन वेगळ्या ओळी लिहा आणि पुन्हा जोडा. पुढच्या वेळी एकीकडे फाइल बदला, दुसरीकडे ती पुसा. मग एका संगणकाची तारीख मागे न्या. ‘शेतकऱ्यांची यादी’ दोन वेगळ्या कीबोर्डवरून टाइप करून पाहा. प्रत्येक वेळी काय होईल याचा अंदाज आधी कागदावर लिहा आणि नंतर पडद्याकडे पाहा. अंदाज चुकला की तिथेच शिकणे सुरू होते. जे आढळेल ते मराठीत लिहून ठेवा, आणि दोष आढळला तर त्या प्रोग्रामच्या कर्त्यांना उदाहरणासह कळवा. ऱ ची अडचण त्यांना सांगणारे आपल्याशिवाय फार कुणी नाही.

मात्र प्रयोगाला बसण्याआधी खऱ्या कामाच्या सगळ्या फाइल्सची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर काढून घ्यावी आणि ती डिस्क संगणकापासून सोडवून कपाटात ठेवावी.